चित्रीकरणास घर देताना

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मुलामुलींचे शिक्षण, लग्नातील वाढता खर्च आणि वसतिगृहाचा निधी यांविषयी बोलले जाते. यंदा चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा ‘सिनेमावाल्यांस घर देण्याविषयी बोलू’ असे आम्ही म्हणालो. ते हसले. निवृत्तीनंतर गुरुजींस नाटक-सिनेमाचा नाद लागला की काय, असे त्यांस वाटले असावे. तसे काही नाही. विषय करारनाम्याचा आहे, आणि त्यात आमची स्वतःची एक चूक आहे. ती सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम करून सारी नोकरी प्राथमिक शाळेत केली. आम्ही वकील नव्हे. जे सांगणार आहोत ते ठेच लागल्यानंतर कायद्याची पुस्तके चाळून आणि जाणत्या वकिलांस विचारून मिळविलेले आहे. ज्याच्या दारी प्रत्यक्ष असा प्रसंग येईल त्याने आमच्या भाषणावर न विसंबता वकिलाची फी भरावी.

पाऊस ओसरला की आपल्या मुरबाड-शहापूरकडील गावांतून मुंबईच्या मोटारी फिरू लागतात. त्यांतून उतरणारी माणसे पूर्वी जमीन विचारीत. आता काही जण घर विचारतात. कौलारू छप्पर, सारवलेली ओटी, दाराशी तुळस, मागे डोंगर, इतके असले की ती खूष होतात. ज्या जुन्या घराची आपल्यास लाज वाटते आणि जे पाडून स्लॅब टाकण्यासाठी आपण कर्ज काढतो, त्याच घराची दुसरे लोक दिवसाच्या हिशेबाने किंमत देतात, ही गंमतच म्हणावयाची. वाईजवळील मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि तेथील कृष्णेचा घाट कित्येक चित्रपटांतून लोकांनी पाहिला आहे. २००४ सालचा ‘स्वदेस’ तेथे चित्रित झाला. २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये सासवडचा पुरंदऱ्यांचा वाडा दिसतो. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून उभी आहे, तरीही या मंडळींस खरी घरे लागतातच.

ही गोष्ट आपल्या मुलखास अगदी नवी आहे असेही नाही. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ तयार करीत होते, तेव्हा बाहेरील दृश्यांसाठी त्यांची मंडळी वांगणीस गेली होती. वांगणी म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातील, कल्याण-कर्जत लोहमार्गावरील गाव. तेथील हकीकत अशी सांगतात की, तलवारी-भाले घेतलेली ती माणसे पाहून गावकऱ्यांस दरोडेखोर आल्याचा संशय आला, पाटलाने पोलिसांस वर्दी दिली आणि मंडळी अडकली. मागाहून आलेल्या फाळक्यांनी समजूत घातली, तेव्हा कोठे सुटका झाली. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. त्या गावकऱ्यांस आपण हसतो. पण अनोळखी माणसे आली तर ती कोण, कशाकरिता आली आणि किती दिवस राहणार, हे त्यांनी आधी विचारले. शंभर वर्षांनंतर आम्ही, म्हणजे गावातील शिकलेल्या माणसाने, तेवढेही विचारले नाही.

आता ती हकीकत.

आमचे मूळ घर मुरबाडपासून आत एका गावी आहे. आजोबांनी बांधलेले, अद्याप वाटणी न झालेले. वडील आणि चुलते दोघेही वारले. मागे आम्ही, आमची थोरली बहीण, चुलत्यांचे दोन मुलगे आणि आमची काकी, असे आम्ही वारस. घरात काकी आणि धाकटा चुलतभाऊ राहतात. २०१६ साली दिवाळीनंतर एका मालिकेची माणसे आली. घर त्यांस पसंत पडले. रोजचे पंधरा हजार आणि पंधरा दिवस, असे ठरले. धाकट्याने आम्हांस बोलावून घेतले, कारण गावातील अर्ज आणि कागद आम्हीच वाचून द्यावयाचे असा परिपाठ. कंपनीचा कागद चार पानी, इंग्रजी आणि बारीक टाइपाचा होता. आम्ही तो चाळला. रक्कम बरोबर होती, तारखा बरोबर होत्या. ‘ठीक आहे, कर सही,’ असे आम्ही म्हणालो.

म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्यास चालवून पाहतो, खांदा दाबून पाहतो. त्या दिवशी आम्ही चार पाने चालवूनदेखील पाहिली नाहीत.

तिसऱ्या पानावर एक कलम होते. सही करणाराच या घराचा एकमेव हक्कदार असून दुसऱ्या कोणाचा त्यात संबंध नाही, आणि अन्य कोणी हरकत घेतल्यामुळे काम थांबले तर होणारी सर्व नुकसानी सही करणाऱ्याने भरून द्यावी, असा त्याचा मतलब. अशी हमी कंपनी मागते यात अन्याय नाही. शंभर माणसे, भाड्याची यंत्रे आणि मोटारी आणून ऐनवेळी दार बंद झाले तर त्यांचे रोजचे नुकसान लाखांत जाते. अन्याय झाला तो आमच्या हातून, कारण ती हमी खोटी होती.

तिसऱ्या दिवशी कल्याणहून अक्का आली. तिला ही बातमी शेजारणीच्या मुलीने फोनवर चित्रे पाठविली तेव्हा कळली होती. अंगणात दिवे लावलेले, जनरेटर चालू, ओटीवर कोणी नटी सून होऊन बसलेली. अक्का सरळ त्यांच्यामधून चालत गेली आणि तुळशीजवळ उभी राहिली. ‘हे घर माझ्या बापाचं आहे, मला कोणी विचारलं नाही,’ एवढेच ती बोलली. काम थांबले. व्यवस्थापकाने आवाज न चढविता तिसरे पान काढून आमच्या पुढे धरले.

मग आम्ही दोघे मागे गोठ्यापाशी जाऊन बसलो. अक्का म्हणाली, ‘तुला सगळा गाव गुरुजी म्हणतो. दुसऱ्यांचे कागद वाचतोस. मला एक फोन करायला तुला काय झालं होतं?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे उत्तर असे की, तिचे लग्न होऊन चाळीस वर्षे झाली, आता तिचा या घराशी काय संबंध, असे आम्ही मनात कोठे तरी धरून चाललो होतो. शाळेत मुलींस समान हक्काचा धडा आम्हीच शिकविला होता.

तिने अडवणूक केली नाही. दोन तासांनी काम सुरू झाले आणि कंपनीनेही त्या वेळेची भरपाई मागितली नाही. पैशातील आपला वाटा तिने घेतला नाही; पुढे कित्येक महिने ती आमच्याशी बोललीही नाही.

म्हणून पहिली गोष्ट सांगावयाची ती ही की, परक्याशी करार करण्यापूर्वी घरच्यांशी बोलणे करावे. कायदा येथे अगदी स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या हिश्श्यात मुलगी वारस ठरली. तथापि राहत्या घराची वाटणी भाऊ मागतील तोवर ती मागू शकत नव्हती. तशी आडकाठी त्या कायद्यातच होती. २००५ च्या दुरुस्तीने ती आडकाठी गेली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. त्यासाठी बाप २००५ साली हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नक्की केले. तेव्हा ‘ती दिल्या घरी गेली’ या वाक्यास करारनाम्यात काही अर्थ नाही. बहिणीने नोंदणीकृत हक्कसोड करून दिलेली नसेल तर तिची सही हवी, किंवा तिने कोणास तरी लेखी अधिकार द्यावा. वारस अज्ञान असेल तर त्याची स्वतःची सही चालत नाही; तेथे वकिलाचेच काम.

हक्काचे कागद पाहतानाही आपले लोक घोटाळा करतात. घरासाठी सात-बारा घेऊन येतात. सात-बारा शेतजमिनीचा असतो. गावठाणातील घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते, आणि तीही घरपट्टीसाठी ठेवलेली नोंद होय. त्यावर नाव एकाचे लागलेले असते, म्हणून घर त्या एकट्याचे होत नाही. आमच्या धाकट्याचे नाव तेवढेच तेथे होते आणि त्यावरच कंपनीने विश्वास ठेवला.

आता करार कोणत्या जातीचा असावा ते पाहू. १८८२ साली दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात भाडेपट्टा सांगितला आहे. भाडेपट्ट्याने जागेत काही काळापुरता हक्क निर्माण होतो. ईझमेंट अ‍ॅक्ट या नावाने वकील ज्यास ओळखतात, त्या दुसऱ्या कायद्याच्या ५२ व्या कलमात परवानगी, म्हणजे लायसन, सांगितले आहे. त्याने जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. एरवी जे करणे बेकायदा ठरेल ते करण्याची मुभा तेवढी मिळते. पाहुण्यास ओटीवर झोपावयास सांगितले म्हणून ओटी त्याची होत नाही, तसेच हे. चित्रीकरणासाठी द्यावयाची ती परवानगीच, आणि कागदावर तसे स्पष्ट शब्द असावेत. मात्र मथळ्यावर परवानगी लिहून आत घराचा ताबा आणि किल्ल्या दिल्या, तर न्यायालय मथळा पाहत नाही, मजकूर पाहते.

त्याच कायद्याचे ६० वे कलम फार थोड्यांस ठाऊक असते. परवानगी एरवी मालकास परत घेता येते. परंतु परवानगीच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर तसे करता येत नाही. आमच्याकडे दुसऱ्या खेपेस आलेल्या कंपनीने मोठ्या उदारपणे म्हटले, ‘गुरुजी, आम्ही परसात पक्के शौचालय बांधतो, काम संपल्यावर ते तुमचेच.’ २०१६ साली आम्ही त्यांचे आभार मानले असते. या वेळी फिरते शौचालय आणावयास सांगितले आणि कलम घातले की, जे काही उभारले जाईल ते लाकडाचे, कापडाचे, काढून नेण्याजोगे असेल, आणि शेवटच्या दिवसापासून तीन दिवसांत ते हलविले जाईल. परवानगी संपल्यावर सामान हलविण्यास कायदा ‘वाजवी मुदत’ देतो. वाजवी म्हणजे किती यावर वाद घालण्यापेक्षा आकडा लिहिलेला बरा.

ही दुसरी खेप २०२२ सालची. या वेळी आम्ही सावकाश गेलो. आधी घरातील सर्वांस अंगणात बसविले. अक्का आली. बोलणे त्यापूर्वीच हळूहळू सुरू झाले होते. मग कागदाचा मराठी तर्जुमा कंपनीकडूनच मागितला आणि मोठ्याने वाचला. वाद मुंबईच्याच न्यायालयात चालतील असे एक वाक्य त्यात होते. घर मुरबाड तालुक्यात, करार येथे होणार, आणि पाच हजारांच्या भरपाईसाठी काकीने मुंबईस खेटे घालावयाचे काय? ते वाक्य आम्ही बदलून घेतले. कंपनीच्या माणसाने फारशी खळखळ केली नाही. पुष्कळ कलमे कोणी हरकत घेतली नाही म्हणूनच कागदात राहिलेली असतात, असा आमचा समज झाला आहे.

पैशाच्या दरावर आपण जितके भांडतो तितके दिवसाच्या व्याख्येवर भांडत नाही. दिवस म्हणजे किती तास? सामान लावण्याचा आणि काढण्याचा दिवस मोजावयाचा की नाही? पावसामुळे काम झाले नाही तर? आणि काम संपल्यावर दोन महिन्यांनी ‘एक दृश्य राहिले’ म्हणून ते परत आले तर? ते येतातच. चित्रपट सलग घेतला जात नाही. दारातून आत शिरणे आज आणि आतले बोलणे महिन्याने, असे चालते, आणि मध्यंतरी भिंतीचा रंग बदलला तर सारा मेळ बिघडतो. २०१६ साली धाकट्याने मुलीच्या साखरपुड्यासाठी मधल्या काळात भिंतीस चुना दिला आणि कंपनीचे लोक कपाळावर हात मारून बसले. त्यांची ती अडचण खरी होती. म्हणून अमुक तारखेपर्यंत घराचे रूप बदलणार नाही असे आपण लिहून द्यावे, आणि परत येण्याच्या दिवसांचा दर त्यांनी लिहून द्यावा.

अनामत रक्कम निराळी घ्यावी. काम सुरू होण्याच्या सकाळी दोन्हीकडच्या माणसांनी घरभर फिरून कौले, दारे, जमीन, झाडे यांची छायाचित्रे घ्यावी आणि यादीवर सह्या कराव्या. नुकसानीची रक्कम आधी ठरवून लिहिली असली, तरी १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी असेल तेवढेच देते. यास्तव फुगवून आकडा लिहिण्यात शहाणपणा नाही. करारनामा योग्य मुद्रांकावर असावा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाची बहुतेक कामे पाचशेवर गेली आहेत. कमी मुद्रांकाचा कागद तूट आणि दंड भरल्यावाचून पुराव्यात घेतला जात नाही. कंपनी रकमेतून आयकर कापील, तर त्याचा दाखला मागून घ्यावा.

शेताविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. या मंडळींस हिरवे भातशेत फार आवडते. आवणीनंतर खाचरात पाणी असते तेव्हा बांधावरून चालणे आपल्या पोरांस साधते, यंत्र घेतलेल्या माणसांस साधत नाही. आमच्या शेजारच्या गावी बांध फुटला आणि एकाचे पाणी दुसऱ्याच्या खाचरात गेले. पैसे पहिल्यास मिळाले, पीक दुसऱ्याचे गेले. करारात शेजाऱ्याचे नाव नव्हते, म्हणून त्यास कंपनीकडे बोट दाखविता येईना, आणि दोन्ही घरांची भांडी-पातेली देण्याघेण्याची रीत बंद पडली. वाट, विहीर, बांध जेथे सामाईक आहे तेथे शेजाऱ्याची संमती आणि त्याच्या भरपाईचे कलम आधीच घालावे. शेताचा वापर बदलत असेल तर महसूल कचेरीत विचारावे. आदिवासी बांधवांच्या जमिनीविषयी तर विशेष सांगणे आहे. महसूल कायद्याच्या ३६-अ कलमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ती बिगर-आदिवासीस पट्ट्यानेही देता येत नाही. आपल्यापैकी कोणी मध्यस्थ होऊन ठाकूर-कातकऱ्यांच्या जागेचा व्यवहार जुळवीत असेल तर त्याने तो उद्योग सोडावा. तानसा किंवा भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. तेथे गावकऱ्याने ‘हो’ म्हणून काही उपयोग नाही.

गर्दीचाही विचार करावा. कोल्हापूरजवळील वसगडे गावी ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका चित्रित झाली, तेव्हा तो वाडा पाहावयास लांबलांबून लोक येऊ लागले होते. भाडे घरमालकास मिळते, आणि मोटारी गावच्या रस्त्यावर उभ्या राहतात.

हे सारे आम्ही वकिलांस विचारून लिहून काढले होते आणि २०२२ साली अंगणात मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले. कलमे संपली. काकी इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होती. तिने विचारले, ‘समदं झालं, पन आपल्या घरात ते दाखवनार काय?’

हा प्रश्न ना आम्हांस सुचला होता, ना वकिलांस. कंपनीच्या माणसाने कथा सांगितली. तीत सासू सुनेस माजघरात कोंडते आणि सून तेथेच आढ्याला गळफास घेते. काकी म्हणाली, ‘माझी तीन बाळंतपनं त्या माजघरात झाली. तिथं नाय.’ दर दीडपट करण्याची तयारी दाखविली गेली. धाकटा आमच्याकडे पाहू लागला, आम्ही अक्काकडे पाहिले. अक्का म्हणाली, ‘काकी नाही म्हणते ना.’

चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो आणि तो निर्मात्याचा असतो. एकदा घेतलेले दृश्य ‘काढून टाका’ म्हणण्याचा अधिकार घरमालकास, करारात नसेल तर, राहत नाही. काकीनंतर, आमच्यानंतरही ते माजघर तसेच दिसत राहिले असते. आम्ही कलम लिहिले की, माजघर आणि देवघर यांत चित्रीकरण होणार नाही, घराचे आणि कुटुंबाचे खरे नाव दाखविले जाणार नाही, आणि कथेतील मृत्यूचे दृश्य या घरात घेतले जाणार नाही. दोन दिवस कंपनीचा फोन आला नाही. व्यवहार गेला असे धाकट्याने धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी ते आले आणि गळफासाचे दृश्य मुंबईस उभारलेल्या खोलीत घेऊ असे म्हणाले. रोजचा दर तेवढा त्यांनी दोन हजारांनी कमी केला. आम्ही तो मान्य केला.

सह्या ओटीवर झाल्या. काकीने अंगठा न देता सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती आमच्याच हाताखाली शिकली आहे, आणि नाव लिहिण्यास तिला बराच वेळ लागला. मालकांच्या नावांत पहिले नाव अक्काचे घातले होते. तिने चष्मा लावून सगळी पाने पहिल्यापासून वाचली, दुसऱ्या पानावर तारखेत झालेली एक चूक दाखविली, आणि ती दुरुस्त होऊन दोन्हीकडच्या आद्याक्षऱ्या पडल्यावरच लेखणी हाती घेतली.